अलीकडचं थोडं वाचन, आणि 'शाळा' सिनेमाशी असलेलं जुनं भांडण

कुंपणावरचा (धागाकर्ता)

या पावसाळ्यात नवं पुस्तक घ्यायचं नाही, कपाटात आहेत तीच पुन्हा काढायची, असं ठरवलं आणि बऱ्यापैकी पाळलंही. त्यातली काही पुस्तकं आणि एक सिनेमा यांच्यावर लिहितोय. परीक्षण वगैरे नाही, नुसती मतं आहेत. काही जरा तिखट आहेत. ज्यांनी मिलिंद बोकिलांची 'शाळा' किंवा व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' अजून वाचलेली नाही त्यांनी इथूनच परत फिरावं, रसभंग होईल.

प्रभाकर पेंढारकरांची 'रारंग ढांग' पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पूर्णपणे विश्वनाथ मेहेंदळेच्या बाजूने होतो. मुंबईतला इंजिनियर, बॉर्डर रोड्समध्ये लेफ्टनंट म्हणून जातो, सतलजच्या खोऱ्यात सरळसोट कड्यातून रस्ता काढणाऱ्या तुकडीत जाऊन पडतो आणि नियमाला नडतो. आता वय झालं म्हणून की काय, त्याच्या वरिष्ठांचंही पटायला लागलंय. सुरुंगाची दारू आणि कड्यावर लटकलेली माणसं सांभाळायची तर नियम धरून बसणारा एक खडूस लागतोच. पेंढारकर त्या खडूसाला पुरेशी संधी देत नाहीत, त्यांचा सगळा जीव नायकावर. पण काम कसं चालतं ते लिहावं तर या माणसाने. फिल्म्स डिव्हिजनसाठी माहितीपट करणाऱ्याची नजर आहे ती. काय आधी, काय मग, कोण कुठे उभं, याचा कुठे गोंधळ नाही.

'सत्तांतर' एका बैठकीत संपतं. वानरांच्या टोळीवर दुसरा नर चालून येतो, जुन्याला हुसकावतो, पिल्लं मारतो. व्यंकटेश माडगूळकर एकदाही हळहळत नाहीत, आणि म्हणूनच आपण हळहळतो. या पुस्तकाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. पुरस्कारप्राप्त म्हटलं की मी जरा लांबूनच जातो, इथे तसं करू नका.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर नवं काय बोलणार! वडिलांचं सोवळं इतकं कडक की मीठसुद्धा धुऊन घ्यायचं, हे लक्ष्मीबाई ज्या सुरात सांगतात तो सूर मराठीत पुन्हा कुणाला लागला असं मला वाटत नाही. त्यांचे पती ना. वा. टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, त्यानंतरची ताटातूट, लोकांचे टोमणे, सगळं त्याच सुरात. चौथा भाग अपुरा राहिलेला, तो वाचताना मात्र दम कमी पडल्यासारखा वाटतो.

पु. शि. रेग्यांची 'सावित्री' ही पत्रांची कादंबरी मला याही वेळी लागली नाही. पत्रं सुंदर आहेत. पण इतकं सगळं सुंदर असलं की मला गुदमरायला होतं. पुढे.

आता मुख्य मुद्दा. 'बनगरवाडी' आणि 'शाळा' मी लागोपाठ वाचल्या आणि मग दोन्हींवरचे सिनेमे परत पाहिले. अमोल पालेकरांचा 'बनगरवाडी' १९९५ चा, सुजय डहाकेचा 'शाळा' २०१२ च्या जानेवारीत लागला होता. दोन्ही कादंबऱ्यांत 'मी' सांगतो. दोन्ही सिनेमे पुस्तकाशी बऱ्यापैकी इमान राखून केलेले. तरी एक पुस्तकाच्या जवळ जातो आणि दुसरा, माझ्या मते, शेजारून निघून जातो.

माडगूळकरांचा मास्तर बघणारा आहे. पोरसवदा राजाराम सौंदणीकर, औंध संस्थानातली धनगरांची वाडी, शाळेत पोरं नाहीत कारण पोरं मेंढरांमागे. तो स्वतःबद्दल फारसं बोलतच नाही. शेकूला दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाशेजारी जुवाखाली मान देते. मास्तर ते बघतो आणि आपल्याला सांगतो, बस. त्यावर त्याला काय वाटलं याचं पान भरत नाही. अशा माणसाच्या जागी कॅमेरा ठेवला तर फारसं काही हरवत नाही. पालेकरांनी तेच केलं. माळ दाखवला, माणसं दाखवली, चंद्रकांत मांडरेंचा कारभारी उभा केला, आणि ते गप्प बसले.

'शाळा'तला जोशी मात्र बोलणारा आहे. अखंड. नववीतला पोरगा, आणीबाणीचा काळ, सुऱ्या, चित्रे, फावड्या आणि तो असे चौघं त्या अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगवर जाऊन बसतात. काय घडतं ते तसं थोडकंच आहे. पुस्तक उभं आहे ते जोशीच्या डोक्यातल्या बडबडीवर. मास्तरांची टिंगल, बहिणीशी भांडण, नरूमामाचं कौतुक, आणि त्याला आवडणारी शिरोडकर. शिरोडकर पुस्तकात आहे किती? मोजकीच वाक्यं बोलते. बाकी सगळी जोशीने रचलेली आहे. ती आज अशी बघत होती म्हणजे काय, ती त्या रस्त्याने गेली म्हणजे काय, पानंच्या पानं. आपण हसतो, कारण त्यातलं खरं किती आणि याचं किती हे आपल्याला कळत असतं, त्याला कळत नसतं.

सिनेमात शिरोडकर म्हणून केतकी माटेगावकर येते आणि ती खरोखरच तशी आहे! गोड, शांत, हसरी. म्हणजे जोशीचं बरोबरच होतं की. मग गंमत कुठे राहिली? डिएगो रोमेरोचं छायाचित्रण फार देखणं आहे, पण त्या देखणेपणानेच घात केला. चार उनाड पोरांची गोष्ट होती, ती पहिल्या प्रेमाची झाली.

मला सिनेमा आवडत नाही असं नाही. जोशी झालेला अंशुमन जोशी अप्रतिम आहे, जितेंद्र जोशीचा नरूमामा तर तसाच पाहिजे होता. पण पुस्तक वाचून पाहिला की चुकल्यासारखं होतं.

या, तुटून पडा.

मोरपंखी

'सावित्री'ला दोन ओळी आणि "पुढे"? निषेध. तीव्र निषेध. बाकी धागा छान आहे हे नाइलाजाने कबूल करते.

लोकलचा डबा

थोडी भर. 'शाळा'वर मराठीच्या आधी एक हिंदी सिनेमा येऊन गेला, 'हमने जीना सीख लिया', २००७ चा. कुणाला आठवत नाही आणि त्यात कुणाचं नुकसानही नाही. रंगमंचावर 'गमभन' होतं. मी ते पाहिलंय, आणि धागाकर्त्यांची बडबडीबद्दलची तक्रार तिथे लागू होत नाही. पोरं सतत बोलत असतात, धावत असतात, नेपथ्य जवळजवळ नाहीच. आणि गंमत अशी की सिनेमाची पटकथाही 'गमभन'वाल्या अविनाश देशपांडे यांचीच, तिला रूपांतरित पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. तेव्हा दोष पटकथेच्या माथी मारायचा की माध्यमाच्या, ते ठरवा.

दुसरं, नंदू माधव दोन्ही सिनेमांत आहेत. 'बनगरवाडी'त आनंदा रामोशी, 'शाळा'त जोशीचे वडील. हा माणूस पडद्यावर आला की मी निर्धास्त होतो.

खडूवाली

माझं थोडं लांबेल.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. 'शाळा' माझंही लाडकं पुस्तक आहे, वर्गात त्यातले उतारे वाचून दाखवते आणि पोरं गडाबडा लोळतात. तेव्हा पुस्तकाबद्दल वाद नाही. वाद तुमच्या शेवटच्या दोन परिच्छेदांशी आहे.

तुम्ही म्हणता शिरोडकर जोशीने रचलेली आहे आणि त्यातच मजा आहे. बरोबर. पण ही मजा कुणाची? एक मुलगा तिच्या येण्याजाण्याच्या वेळा पाठ करतो, मागे मागे जातो, मित्र बिल्डिंगवरून बघतात. आपण जोशीच्या डोक्यात बसलेलो असतो म्हणून हे सगळं निरागस वाटतं. तो निरागस आहेही. बोकिलांनी त्याला वाईट वागू दिलेलं नाही. पण त्याच पुस्तकात सुऱ्या आणि केवडाचं काय होतं ते आठवा. सुऱ्या जाऊन विचारतो, केवडा तक्रार करते, सुऱ्याला मार बसतो. आणि वाचताना आपल्याला कणव कुणाची येते? सुऱ्याची. केवडाला त्या दिवशी घरी काय ऐकावं लागलं असेल याचा विचार पुस्तकातलं कुणी करत नाही, मीही पहिल्या वाचनात केला नव्हता.

सिनेमा आम्ही एकदा नववीच्या वर्गाला दाखवला होता. नंतर चर्चा ठेवली. मुलं आणीबाणीवर बोलली, मास्तरांच्या नकलांवर बोलली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "बाई, ती पण त्याच्याकडे बघते, म्हणून चाललं. नसती बघत तर?" मुलं एकदम चिडीचूप. मला वाटतं हा प्रश्न पुस्तक वाचून तिला सुचला नसता. सिनेमात शिरोडकरला चेहरा आहे, ती उलट बघते, म्हणून तो विचारता आला. तुम्ही ज्याला घात म्हणता तीच मला त्या सिनेमाची जमेची बाजू वाटते.

देखणेपणाबद्दल सहमत. इतकं कोवळं ऊन आमच्या शाळेत कधी पडलं नाही.

घाटमाथा

खडूवाली, कडक प्रतिसाद. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

तिरकं_गणित

धागाकर्त्यांचा सिद्धांत असा दिसतो: बघणारी कादंबरी पडद्यावर जमते, बोलणारी जमत नाही. मग 'सिंहासन'चं काय करायचं? अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या, दोन्हींत बोलणंच बोलणं. मंत्र्यांचं, पत्रकारांचं, कामगार पुढाऱ्यांचं. १९७९ मध्ये जब्बार पटेलांनी दोन्ही मिळून एक कृष्णधवल सिनेमा केला आणि तो आजही दर राजकीय उलथापालथीला लोक काढून बघतात. तेंडुलकरांनी पटकथा लिहिताना एक केलं. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस सगळ्यांमध्ये फिरता ठेवला. तो फार बोलत नाही, ऐकतो. सगळे त्याच्यापाशी येऊन बोलतात. म्हणजे बोलणाऱ्या कादंबरीतून त्यांनी एक ऐकणारा माणूस शोधला. आणि त्याच्या ऐकण्याचा शेवट काय होतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

'शाळा'त असा ऐकणारा मिळाला असता का? माझं मत चित्रे. तो तसाही जरा बाजूला असतो, आपल्याच नादात. चित्रेच्या नजरेतून जोशी दाखवला असता तर बडबड तोंडावाटे आली असती, डोक्यात ठेवायची गरजच नव्हती.

अर्थात हे असं खुर्चीत बसून सांगायला माझं काय जातं.

आटपाडीकर

'बनगरवाडी'वर कुणी बोलेना म्हणून मीच येतो. आमचा भाग तो.

सिनेमा चांगला आहे, पण मला तक्रार आहेच. दुष्काळ दिसतो, लागत नाही. आमच्याकडचा दुष्काळ म्हणजे भेगाळलेली जमीन दाखवून संपत नाही. आधी वैरण संपते. मग माणूस मेंढरांना घेऊन बाहेर पडतो, तो कधी परत येईल ते ठाऊक नसतं. घरात म्हातारी-कोतारी राहतात. कादंबरीत शेवटी वाडी रिकामी होत जाते ते माडगूळकर एका दमात सांगत नाहीत. आज हे घर बंद, चार दिवसांनी ते. वाचताना आपल्याला उशिरा कळतं की अरे, आता उरलंच कोण. सिनेमाला वेळ कमी, तिथे ते भराभर होतं.

भाषेचंही थोडं तसंच. पुस्तकातली माणसं कमी बोलतात पण जे बोलतात ते आमचंच. पडद्यावर काहींच्या तोंडी ते पाठ केल्यासारखं येतं. मांडरे सोडून. त्यांनी बसायचंसुद्धा बरोबर घेतलंय, कारभाऱ्यासारखं, दोन्ही गुडघे वर आणि हात त्यावर सैल सोडलेले. आमचा आजा तसाच बसायचा आणि तसाच समोरच्याकडे न बघता बोलायचा.

तालमीबद्दल थोडं. मास्तर वाडीला तालीम बांधायला लावतो आणि राजेसाहेब येतात, हे काहींना उगाच घातल्यासारखं वाटतं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी कोण होते ते माहीत असलं तर वाटणार नाही. सूर्यनमस्काराचा प्रचार त्यांनी जन्मभर केला, स्वतः चित्रकार, गावांच्या हाती कारभार देणारी राज्यघटना त्यांनी १९३९ च्या सुमारास आणली. तालीम म्हटल्यावर असा राजा येणारच. औंधचं संग्रहालय पाहिलं नसेल तर एकदा बघून या. सिनेमावाले येतात, माळ बघतात, जातात, तिकडे कुणी फिरकत नाही.

कुंपणावरचा (धागाकर्ता)

सर्वांना एकदम उत्तर देतो, मोबाईलवरून टंकतोय.

तिरकं_गणित, 'सिंहासन'चं उदाहरण जबरी. पण माझं म्हणणं जरा वेगळं होतं. साधूंची माणसं एकमेकांशी बोलतात, ते बोलणं पडद्यावर जसंच्या तसं येतं. जोशी स्वतःशी बोलतो. चित्रेची कल्पना मात्र मला आवडली. तो घरातल्या कटकटीला कंटाळलेला, प्रयोगात रमणारा मुलगा, त्याला जोशीचं हे प्रकरण अगदीच निरर्थक वाटत असणार. सिनेमा कोरडा आणि जास्त विनोदी झाला असता. चालला असता का, ही वेगळी गोष्ट.

आटपाडीकर, राजेसाहेबांबद्दल धन्यवाद. तालमीचा भाग मला दर वेळी सैल वाटायचा, आता पुन्हा वाचीन. दुष्काळाबद्दल मात्र मी पालेकरांची बाजू घेईन. तुम्ही म्हणता तो हळूहळू रिता होण्याचा अनुभव दोन तासांत देणं जवळपास अशक्य आहे. मग एक तर शेवट ताणायचा किंवा शांतपणे आवरायचा. त्यांनी आवरला. तिथे रडारड घातली असती तर?

खडूवाली, तुमच्या प्रतिसादावर बराच वेळ अडलोय. केवडाबद्दल तुमचं म्हणणं बिनतोड आहे. पण मग बोकिलांनी काय करायला हवं होतं? जोशीला तिचं मन कळतंय असं दाखवलं असतं तर तो चौदा वर्षांचा राहिला नसता. पुस्तकाचा आंधळेपणा हा जोशीचा आंधळेपणा आहे, लेखकाचा नाही, असं माझं मत. शिरोडकर शेवटी गाव सोडून जाते तेव्हा त्याच्या हाती काही म्हणजे काही उरत नाही, फक्त दहावी उरते. त्याने रचलेलं सगळं तिथे कोसळतं. ती कोण होती हे त्याला कळलंच नाही, हे बोकील तिथे दाखवतातच की.

खडूवाली

कोसळतं ते त्याचं. तिचं काय झालं, वडिलांच्या बदलीने शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, हे जोशीला दिसत नाही ते ठीक, पण वाचकालाही दिसत नाही. मी लेखकाला दोष देत नाहीये. मी म्हणतेय की दुसरं कुणी तीच गोष्ट सांगायला घेतं तेव्हा त्याने पुस्तकाची नजर तशीच का उचलावी? डहाकेंनी कदाचित नकळत केलं असेल, पण थोडी बाजू बदलली. मला ती आणखी बदललेली आवडली असती.

आणि 'बनगरवाडी'चं म्हणाल तर तुमचा बघणारा मास्तरही सगळं बघत नाही हं. कारभाऱ्याची मुलगी अंजी त्याला चोळी शिवून आणायला सांगते. तो आणतो. कारभाऱ्याचा संशय बळावतो, मास्तरशी बोलणं बंद. मास्तरला कारभाऱ्याचा अबोला लागतो, वाडीत आपलं काय होईल याची काळजी वाटते. सगळं खरं. पण एका तरुण मुलीने परक्या पुरुषाला असं काम सांगायला किती धीर केला असेल? बापाच्या घरात राहून तिने ते दिवस कसे काढले? मास्तर तिथे बघत नाही. माडगूळकरांनी बाकी इतकं बारीक टिपलंय की ही मोकळी जागा जास्तच जाणवते.

आटपाडीकर

खडूवालीताई, हे पटलं. आमच्याकडे आजही अंजीची बाजू कुणी विचारत नाही, चोळी कुणी आणली एवढंच विचारतात.

मोरपंखी

मग सांगते कुंपणावरचा, 'सावित्री'त नेमकं उलटं आहे. तिथे बोलते ती फक्त बाई. ज्याला पत्रं लिहिते त्याचं एकही पत्र पुस्तकात नाही. त्याला तिने रचलाय म्हणा हवं तर. जोशीने शिरोडकरला रचलं तर ती गंमत, आणि सावित्रीने रचलं तर तुम्हाला गुदमरायला होतं? हे कसं?

कुंपणावरचा (धागाकर्ता)

मोरपंखी, जोशीला हसता येतं, सावित्रीला हसता येत नाही, तो फरक आहे. निदान मला नाही येत. पण मुद्दा नोंदवला. यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

लोकलचा डबा

बाईच्या बाजूने विषय निघालाच आहे तर 'उंबरठा'चं नाव कुणी कसं घेतलं नाही? १९८२ चा, जब्बार पटेलांचाच, स्मिता पाटील. तो शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर आहे. सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय, पुस्तक वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मीही वाचलेलं नाही. दोन दुकानांत विचारलं, एकाने सिनेमाची सीडी पुढे केली.

खडूवाली

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात 'बेघर'ची एक जुनी प्रत आहे, बांधणी सुटलेली. सुट्टीत घरी आणते आणि वाचून इथेच लिहिते. तोवर कुणाला दुकानात दिसली तर कळवा, विकत घ्यायची आहे.

घाटमाथा

वाट बघतोय. आणि 'बनगरवाडी'ची बरी प्रिंट कुठे मिळेल तेही कुणीतरी सांगा रे. माझ्याकडची टीव्हीवरून उतरवलेली आहे, त्यात अर्धी मेंढरं दिसत नाहीत.